फाट्यावरचा पहिला तास

नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा महामार्ग आणि अकोला-हिंगोलीकडून खाली येणारा महामार्ग वारंगा फाट्यावर एकमेकांना मिळतात. तिथून पुढे दोघांचा एकच रस्ता होतो आणि अर्धापूरमार्गे नांदेड गाठतो. कळमनुरी तालुक्यातला हा फाटा खिचडीसाठी ओळखला जातो. लांब पल्ल्याचे चालक हमखास इथे गाडी बाजूला घेतात. ट्रक, एस.टी., ऊस भरलेले ट्रॅक्टर आणि शेतातून घरी निघालेल्या दुचाक्या, सगळ्यांची वाट एकच.

आता एक साधा हिशेब. समजा, रात्री नऊच्या सुमारास फाट्याजवळ एक दुचाकीस्वार धडकेत पडला. नांदेड इथून साधारण चाळीस किलोमीटर. विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तर शहर आणि गोदावरी ओलांडल्यावर पलीकडे. हिंगोली दुसऱ्या दिशेला, त्याहून थोडी लांबच. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते २०२४ मध्ये. रुग्णवाहिका यायला वीस मिनिटं, जखमीला नीट उचलून आत घ्यायला दहा मिनिटं आणि नांदेडपर्यंत पाऊण तास धरला, तर काहीही न चुकता सव्वा तास जातो. ‘हे पोलिसांचं प्रकरण आहे, आपण कशाला हात लावा’ या विचारात भोवतीची गर्दी जेवढी मिनिटं उभी राहील, तेवढी यात वाढतात.

ही शेवटची मिनिटं वाचवण्यासाठी न्यायालयं गेली साडेतीन दशकं निकाल देत आहेत. ते निकाल वकिलांना माहीत आहेत. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते माहीत असणं जास्त गरजेचं आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आली: गंभीर इजा झाल्यानंतरचा एक तास, ज्यात तातडीचे उपचार मिळाले तर मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते. कल्पना मूळची अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे शल्यविशारद आर. ॲडम्स काऊली यांची. खरं तर साठ हा आकडा काही विज्ञानाने मोजून काढलेला नाही. २००१ मध्ये संशोधकांनी त्याचा माग काढला, तेव्हा नेमक्या साठ मिनिटांना ठोस पुरावा सापडला नाही. एकसष्टाव्या मिनिटाला दार बंद होत नाही आणि काही जखमींना तर दहा मिनिटंही मिळत नाहीत. पण वेळ महत्त्वाची आहे, याबद्दल मात्र शंका उरलेली नाही.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं पाऊण लिटरपर्यंत गेलं तरी शरीर फारसं दाखवत नाही. दोन लिटरच्या आसपास गेलं की जीव धोक्यात येतो. मांडीचं हाड मोडलं तर एक-दीड लिटर रक्त मांडीच्या आतच साचू शकतं. बाहेर थेंबही दिसत नाही. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून, नाडी वाढवून रक्तदाब बराच वेळ धरून ठेवतं आणि मग एकाएकी कोसळतं. ‘आत्तापर्यंत बोलत होता हो’ असं नातेवाईक सांगतात, ते खोटं नसतं.

रक्तस्राव थांबवायला मदत करणारं एक स्वस्त औषध आहे, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. पाळीच्या जास्त रक्तस्रावासाठी ते अनेक घरांत आधीच माहीत असतं. लंडनमधून चालवलेल्या ‘क्रॅश-२’ या चाचणीत ४० देशांतले वीस हजारांहून अधिक जखमी सहभागी होते. २०१० मध्ये तिचे निष्कर्ष आले. औषध पहिल्या तासात दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. एक ते तीन तासांत दिलं तर फायदा कमी झाला, आणि तीन तासांनंतर दिलं तेव्हा उलट धोका वाढला. तेच औषध आणि तोच डोस, फक्त वेळ वेगळी. कायद्यातल्या ‘तासा’मागचं शरीरशास्त्र इतकं रोखठोक आहे.

डोक्याच्या माराची गोष्ट आणखी फसवी. कवटीच्या आत, मेंदूच्या बाहेरच्या आवरणावरची एखादी रोहिणी फुटली की रक्त कवटी आणि आवरण यांच्यामध्ये साचू लागतं. माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, उठतो, कपडे झटकतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो. मधला काळ शुद्धीचा असतो. कधी काही मिनिटांचा, कधी काही तासांचा. आत गाठ वाढत असते. मग डोकं ठणकतं, उलट्या होतात, झोप येऊ लागते. वेळेत कवटी उघडून गाठ काढली तर माणूस बरा होऊन कामावर जातो. उशीर झाला तर मेंदू दबतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

नेमक्या अशाच रुग्णावरून इंग्लंडच्या कायद्यातला अलीकडचा एक महत्त्वाचा निकाल आला आहे. मे २०१० मध्ये लंडनमधल्या क्रॉयडनमध्ये एका तरुणाच्या डोक्यात हल्लेखोराने मारलं. मित्राने त्याला रुग्णालयाच्या अपघात विभागात नेलं. स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्याने सांगितलं, चार-पाच तास थांबावं लागेल. प्रत्यक्षात डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला तिथे अर्ध्या तासात परिचारिका तपासत असे. ते कुणी सांगितलंच नाही. डोकं दुखत होतं, बसवत नव्हतं. एकोणीस मिनिटांनी तो उठून आईच्या घरी गेला. तासाभरात प्रकृती ढासळली. रुग्णवाहिकेने परत आणून तपासलं, तर कवटीखाली रक्ताची मोठी गाठ. शस्त्रक्रिया झाली, पण शरीराची डावी बाजू कायमची लुळी पडली.

खालच्या न्यायालयांनी त्याचा दावा फेटाळला: प्रतीक्षेची वेळ सांगणं हे कारकुनी काम, ते काही वैद्यकीय उपचार नव्हेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवलं. रुग्णाने दारातून येऊन नाव नोंदवलं की रुग्णालयाची जबाबदारी सुरू होते, आणि दिशाभूल करणारी माहिती न देणं हाही त्या जबाबदारीचाच भाग, मग ती डॉक्टरने दिलेली असो की काउंटरवरच्या माणसाने. त्याआधी २००० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने रुग्णवाहिका सेवेबद्दल असंच म्हटलं होतं. दम्याच्या झटक्याने गुदमरणाऱ्या गर्भवतीसाठी डॉक्टरने फोन केला, ‘येतो’ असं उत्तर मिळालं आणि गाडी पोचायला चाळीस मिनिटं लागली. फोन स्वीकारला की वाजवी वेळेत पोचण्याचं कर्तव्य आलं, असं न्यायालय म्हणालं.

गंमत अशी की, ज्या इंग्लिश कायद्याने काउंटरवरच्या शब्दालाही जबाबदार धरलं, तोच कायदा रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसावर जखमीला वाचवण्याचं कोणतंही सर्वसाधारण बंधन घालत नाही. वळून न बघता निघून गेलं तर तो गुन्हा नाही. भारतातही वाटसरूवर तशी सक्ती नाही. भारतातली अडचण वेगळी होती: मदत करणाऱ्यालाच शिक्षा होत होती. पोलिसांचे हेलपाटे, साक्षीच्या तारखा, रुग्णालयात ‘पैसे कोण भरणार?’ हा प्रश्न.

या गोष्टीची सुरुवात एका वर्तमानपत्री बातमीने झाली. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवलं. कुणीतरी त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथे सांगण्यात आलं, ही पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या अमुक रुग्णालयालाच अशा केस घेण्याची परवानगी आहे. जखमी वाटेतच गेला. पंडित परमानंद कटारा यांनी ही बातमी घेऊन सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने सांगितलं, की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं काम जीव वाचवणं आहे. पोलिसांचे सोपस्कार नंतर. त्याच्या आधाराला राज्यघटनेचं २१वं कलम, म्हणजे जगण्याचा हक्क. १९९६ मध्ये न्यायालय आणखी पुढे गेलं. बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला जखमी झाला होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून त्याला परत पाठवलं. अखेर खासगी रुग्णालयात पैसे मोजून उपचार झाले. राज्य सरकारने त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला, आणि पैसा नाही ही सबब जीव वाचवण्याच्या कर्तव्यापुढे चालणार नाही, हेही स्पष्ट झालं.

तरीही लोक हात लावायला घाबरतच राहिले. ती भीती घालवण्यासाठी ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ न्यायालयात गेलं. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाची नियमावली देशभर बंधनकारक केली. पुढे ती मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ झाली. सद्हेतूने मदत करताना चूक झाली आणि जखमी दगावला, तरी मदतकर्त्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव, पत्ता, फोन द्यायचा की नाही, ही त्याची मर्जी. रुग्णालय त्याला थांबवून ठेवू शकत नाही, पैसे मागू शकत नाही. साक्षीदार व्हायचं तर स्वेच्छेने. ज्या गाडीमुळे अपघात झाला, तिच्या चालकाची गोष्ट मात्र निराळी. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं हे कलम १३४ नुसार त्याचं कर्तव्यच आहे. जमाव अंगावर येण्यासारखी परिस्थिती असेल तर त्यातून सूट.

राहिला पैशाचा प्रश्न. गोल्डन अवरमध्ये रोकडरहित उपचारांची योजना केंद्राने करावी, असं कलम १६२ म्हणतं. ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं, पण योजना काही आली नाही. ८ जानेवारी २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने १४ मार्चपर्यंतची मुदत दिली. तीही उलटली. एप्रिलमध्ये संबंधित सचिवांना न्यायालयात बोलावून खडसावलं गेलं, तेव्हा कुठे ५ मे २०२५ रोजी योजना अधिसूचित झाली. मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेलेले न्या. ओक त्याच महिन्यात निवृत्त झाले. कायदा झाल्यावरही तो अमलात आणण्यासाठी न्यायालयाला सरकारच्या मागे लागावं लागतं, हे या प्रकरणात जितकं उघड दिसलं तितकं क्वचितच दिसतं. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मरण पावली होती.

या योजनेनुसार, मोटार वाहनामुळे कोणत्याही रस्त्यावर अपघात झालेल्या व्यक्तीला, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळायला हवेत. महामार्गच असला पाहिजे असं नाही. ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पूर्ण उपचार. यादीबाहेरच्या रुग्णालयात निदान प्रकृती स्थिर करण्यापुरते. वारंग्यासारख्या ठिकाणी या दुसऱ्या वाक्याला जास्त किंमत आहे. मोठं रुग्णालय चाळीस किलोमीटरवर असेल, तर जवळच्या लहान दवाखान्यातच रक्त थांबवणं, श्वासमार्ग मोकळा करणं, सलाईन लावणं होऊन मग पुढे पाठवणं शहाणपणाचं. ‘इथे काही होणार नाही, सरळ नांदेडला न्या’ हा सल्ला दारातूनच मिळाला, तर क्रॉयडनच्या काउंटरवर जे झालं तेच इथे झालं. फरक फक्त भाषेचा.

रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ ही सेवा जानेवारी २०१४ पासून आहे. सुरुवात ९३७ गाड्यांनी झाली. त्यांतल्या २३३ गाड्यांत प्रगत जीवरक्षक साधनं होती. या गाडीत डॉक्टर असतो, म्हणून ती येत असेल तर तिची वाट पाहणं सहसा योग्य. जीपमध्ये जखमीला मुटकुळं करून कोंबलं, तर मानेच्या मणक्याला बसलेला धक्का आयुष्यभराचा होऊ शकतो.

ती येईपर्यंतची मिनिटं चहावाल्याच्या, खिचडी खाऊन उठलेल्या चालकाच्या, मागून आलेल्या दुचाकीवाल्याच्या हातात असतात. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने घट्ट दाबायचं आणि सारखं उचलून बघायचं नाही. तोंडात पाणी ओतायचं नाही; बेशुद्ध माणसाच्या ते श्वासनलिकेत जातं, आणि शुद्धीवर असला तरी पुढे भूल द्यायची वेळ आली तर पोटातलं पाणी अडचणीचं ठरतं. कांदा हुंगवून उपयोग नाही. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढायचं नाही. बेशुद्ध माणूस ओकत असेल, तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून तिघाचौघांनी मिळून कुशीवर वळवायचं. आणि डोक्याला मार लागलेला कुणी ‘मी बरा आहे, घरी जातो’ म्हणाला, तर त्याला एकट्याला जाऊ द्यायचं नाही.

२०२५ च्या एप्रिलपासून ‘राह-वीर’ योजनेत गंभीर जखमीला गोल्डन अवरमध्ये रुग्णालयात पोचवणाऱ्याला मिळणारं पाच हजारांचं बक्षीस पंचवीस हजार रुपये झालं आहे. पण दारातून माघारी फिरणाऱ्याला बक्षिसापेक्षा एका फलकाची गरज अधिक असावी. मदतकर्त्याच्या हक्कांची सनद हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत प्रवेशद्वाराजवळ ठळकपणे लावणं प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाला २०२० च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. ती मराठीत असते, आणि ती कुठे लावली आहे हे दारावरच्या कर्मचाऱ्याला कुणीही विचारू शकतं.