स्नो हवा होता ना? घ्या आता!

सिमला-मनालीच्या टूरमध्ये भाड्याचे गमबूट घालून फोटो काढणं, एवढाच आपला बर्फाशी आलेला संबंध. माझाही तेवढाच. त्यामुळे १४ फेब्रुवारी २०२१ला, ऐन व्हॅलेंटाइन डेच्या रात्री, टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये खिडकीबाहेर पिंजलेल्या कापसासारखा बर्फ पडायला लागला, तेव्हा मी आणि माझी नागपूरची रूमी नाइट सूटवरच पार्किंगमध्ये धावलो. सेल्फी काढले, घरी व्हिडिओ कॉल केला, 'अय्या, कित्ती मस्त' वगैरे सगळं झालं. दोघीही सिंगल, त्यामुळे व्हॅलेंटाइन सत्कारणी लागला म्हणून खूश. हॉट चॉकलेट पिऊन झोपलो. ते हॉट चॉकलेट नीट आठवतं, कारण पुढचे तीन दिवस घरात गरम असं काही मिळालंच नाही.

ऑस्टिन म्हणजे न्यूयॉर्क-शिकागो नाही, हे आधी लक्षात घ्या. साधारण आपल्या हरिद्वारच्या अक्षांशावरचं हे गाव. उन्हाळ्यात पारा आरामात चाळिशीला टेकतो. अंगणात निवडुंग आणि घायपात, कपाटात टी-शर्ट आणि शॉर्ट्स. माझ्याकडचं सगळ्यात जाड जॅकेट पुण्यात तुळशीबागेतून घेतलेलं! अशा शहरात एका रात्रीत सहा इंचांहून जास्त बर्फ पडला आणि पारा उणे तेरा-चौदा अंशांवर गेला. रस्त्यावरचा बर्फ हटवायला नांगरवाल्या गाड्यांचा ताफा नाही, लोकांकडे बर्फाचे टायर नाहीत. बर्फावर गाडी चालवायची कशी, हे तर कुणालाच माहीत नाही.

रात्री दोनच्या सुमारास हीटरची घरघर थांबली. मी कूस बदलली आणि म्हटलं, येतील लाइट. मी मूळची जालन्याची. दहावीचा अभ्यास लोडशेडिंगचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून केलेली मुलगी. लाइट जाणं हा काय इश्यू आहे?

सकाळी सात वाजता कळलं की हा इश्यू आहे. घरातली शेगडी इलेक्ट्रिक, हीटर इलेक्ट्रिक, गिझर इलेक्ट्रिक. चहासुद्धा नाही! जालन्यात लाइट गेली की पंखा बंद व्हायचा. इथे लाइट गेली आणि अख्खं घरच बंद पडलं.

आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा, दिवेलागणीची वेळ. तिनं थंडीबद्दल एक शब्दही विचारला नाही. पहिला प्रश्न, "पाणी भरून ठेवलंस का?" मी म्हटलं, आई, अमेरिकेत पाणी जात नाही गं. "वीज जाते ना? मग पाणीही जाईल. भर."

भरलं. आपल्या लोकांच्या अमेरिकेतल्या घरात एक वस्तू हमखास सापडते, होम डेपोतली केशरी बादली आणि तिच्यात एक मग. गोरे मित्र घरी आले की ती बादली आम्ही लाजून पडद्यामागे सरकवायचो. त्या सोमवारी ती भरली, बाथटब भरला, कुकरसकट सगळी भांडी भरली.

तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर खरी बातमी आली. टेक्सासचा बराचसा भाग स्वतःच्या वेगळ्या वीजजाळ्यावर चालतो. शेजारच्या राज्यांशी जोडणी अगदी नावापुरती, कारण केंद्राचे नियम नकोत. वादळात हीटर लागले तशी मागणी आभाळाला भिडली आणि नेमकी तेव्हाच वीजकेंद्रं गोठायला लागली. नैसर्गिक वायूच्या विहिरी, पाइप, मापकयंत्रं सगळी गारठली. काही पवनचक्क्यांवर बर्फ बसला. टीव्हीवर त्यांच्याच नावानं शंख सुरू होता, पण सगळ्यात मोठी खोट वायूच्या बाजूनं होती. गंमत बघा, काही ठिकाणी वीज वाचवायला म्हणून वायू पुढे ढकलणाऱ्या पंपांचीच वीज कापली गेली. मग वायू नाही, म्हणून वीज आणखी कमी!

अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ असते. त्या पहाटे ती ५९.४च्या खाली उतरली आणि चार मिनिटं तेवीस सेकंद तिथेच राहिली. नऊ मिनिटं झाली असती तर उरलेली वीजकेंद्रं आपोआप बंद पडली असती. अख्खं जाळं कोसळलं असतं, तर ते पुन्हा उभं करायला काही आठवडे लागले असते. म्हणजे आम्ही गाढ झोपेत असताना चार मिनिटं सदतीस सेकंदांनी वाचलो. पुढच्या काही दिवसांत ४५ लाखांवर घरं आणि दुकानं अंधारात गेली.

कापलेली वीज आळीपाळीनं फिरवायची असा प्लॅन होता. आपल्या लोडशेडिंगसारखाच, चाळीस मिनिटं तुम्ही, मग चाळीस मिनिटं ते. पण हॉस्पिटल, पाणी, अग्निशमन यांच्या लाइन्स कापता येत नाहीत आणि बाकीच्या सगळ्या आधीच कापून झालेल्या. फिरवायला काही उरलंच नाही. हॉस्पिटलच्या लाइनवर घर असलेला माझा टीम लीड चौथ्या दिवसापर्यंत मीटिंगच्या इन्व्हाइट पाठवत होता. आणि डाउनटाउनमधल्या कोविडमुळे रिकाम्या पडलेल्या ऑफिसच्या इमारती रात्रभर लखलखत होत्या. खिडकीतून ते दिसायचं तेव्हा जी शिवी तोंडात यायची, ती इथे छापता येणार नाही.

सोमवारी संध्याकाळी खालून ठकठक सुरू झाली.

ती ठकठक ओळखीची होती. खाली एक सत्तरी ओलांडलेल्या आजी एकट्या राहायच्या. आम्ही झुम्बा करायला लागलो की त्या काठीनं छताला ठोकायच्या. वर्षभरातला आमचा संवाद एवढाच. रूमी तीन ब्लँकेटांतून म्हणाली, "आता तर आपण नाचूनबी नाही राहिलो, मग ही काहून ठोकून राहिली?" आम्ही हसलो आणि गप्प पडून राहिलो. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं. अर्ध्या तासानं पुन्हा ठकठक आली. या वेळी अगदी हळू.

खाली गेलो. दार उघडंच होतं. आजी कोट, टोपी घालून खुर्चीत, नाकात नळी. वर्षभर डोक्यावर राहून आम्हाला माहीत नव्हतं की त्यांना चोवीस तास ऑक्सिजन लागतो. मोठं मशीन विजेवरचं, ते मध्यरात्रीच बंद पडलेलं. जोडीचा सिलिंडर संपत आलेला आणि नवीन आणणारी गाडी कुठल्यातरी चढावर अडकलेली. लहान, बॅटरीवरच्या मशीनमध्ये तास-दीड तासाचा जीव. इमर्जन्सीला त्यांनी फोन केला होता, पण अँब्युलन्सही त्याच रस्त्यांवरून येणार ना? त्या आठवड्यात त्यांची कोविडच्या लशीची अपॉइंटमेंट होती. वादळानं तीही गेली होती. त्या मुलांनाही फोन करत नव्हत्या, कारण फोनची बॅटरी संपेल!

लहान मशीन गाडीवर चार्ज होतं, हे तिसऱ्या मजल्यावरच्या मेक्सिकन भाऊंना सुचलं. ते छपरं दुरुस्त करतात. हवामान, शिडी आणि माणसं या तिन्हींचा त्यांना अंदाज होता. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर फावड्यानं गाडीचा सायलेन्सर मोकळा केला. बर्फात सायलेन्सर गाडला गेला की धूर उलटा गाडीत शिरतो आणि त्यातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. गाडी उघड्यावर, सायलेन्सर साफ, काच बोटभर खाली, हा त्यांचा नियम. रात्री अकरापर्यंत त्यांनी त्यांचं, आमचं आणि पलीकडच्या एका पोराचं असं तीन गाड्यांचं वेळापत्रक लावलं. सगळे पेट्रोलपंप बंद, त्यामुळे एकाच गाडीची टाकी संपवायची नाही. दर दोन-अडीच तासांनी एकजण आजींची बॅटरी घेऊन खाली जाणार, दुसरी घेऊन वर येणार. पाय घसरला तर बॅटरी वर धरायची, आपण पडलो तरी चालेल! माझ्या पहाटे तीनच्या पाळीला मी दोनदा पडले.

मंगळवारची रात्र सगळ्यात वाईट. घड्याळावरचं तापमान घरात पाच अंश दाखवत होतं. फ्रिजमधलं दूध बाल्कनीतल्या बर्फात खोचून ठेवलेलं आणि आम्ही दोघी ब्लँकेटच्या तंबूत आईनं कुरियर केलेला चिवडा खात होतो. रूमीकडे लॉकडाउनमध्ये घेतलेली कोळशाची छोटी ग्रिल होती. तिनं ती आत आणली. "दहाच मिनिटं, हात शेकून घेऊ. आजींनाही वर आणू."

मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण सकाळच्या फोनवर आईनं पाण्यानंतर दुसरी गोष्ट सांगितली होती, दार लावून शेगडी पेटवायची नाही. वर आजींचा ऑक्सिजन. त्यांच्या दारावरच पाटी होती, आग नको. त्यांच्याकडे मेणबत्तीसुद्धा लावायची नव्हती, टॉर्चवरच सगळं चाललं होतं. आमचं कडाक्याचं भांडण झालं. रूमी रडली, मी रडले, ग्रिल बाल्कनीत गेली. नंतर राज्याच्या आरोग्य खात्यानं त्या वादळातले मृत्यू मोजले, ते २४६. दोन तृतीयांश माणसं थंडीनं गेली. १९ जण कार्बन मोनॉक्साइडनं, याच विषारी वायूनं. रूमीनं तो आकडा मला फॉरवर्ड केला. खाली एक शब्दही लिहिला नव्हता.

बुधवारी रात्री नळाला आधी फुसफुस आली आणि मग तेही थांबलं. शुद्धीकरण केंद्राची वीज गेलेली, शहरभर पाइप फुटलेले, पाणी उकळून प्या असा हुकूम. उकळू कशावर, हे हुकमात नव्हतं! मग केशरी बादली पडद्यामागून कायमची बाहेर आली. फ्लशला किती मग लागतात, हे मी मजल्यामजल्यावर डेमो देऊन शिकवलं. बर्फ वितळवून पाणी करायचा प्रयत्नही केला. भरगच्च बादली वितळली की तळाशी जेमतेम दोन मग!

गुरुवारी पहाटे पाचला लाइट आले. ७५ तास. बिल्डिंगभर आरोळी उठली, अगदी आपल्याकडे उठते तशीच. मी आधी खाली धावले. मोठं मशीन सुरू झालं होतं, आजी खुर्चीत झोपल्या होत्या.

त्याच दुपारी नासाचं 'पर्सिव्हिअरन्स' मंगळावर उतरलं. ते उतरल्याची घोषणा आपल्या भारतीय वंशाच्या स्वाती मोहन यांनी केली, अभिमान वगैरे वाटलाच. वीस कोटी किलोमीटरवरून फोटो येत होते आणि आम्ही ते चार दिवस आंघोळ न करता बघत होतो.

बर्फ वितळला आणि दुसरा अंक सुरू झाला. पाणी गोठलं की नऊ टक्क्यांनी फुगतं. इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, पाइप बाहेरच्या भिंतीत नाहीतर छताच्या पोकळीत. गोठलेले असेपर्यंत चिरा पडल्याचं कळत नाही. शनिवारी मेक्सिकन भाऊंच्या छतातून धबधबा सुरू झाला. जगाची छपरं दुरुस्त करणाऱ्याचं छतच खाली आलं. प्लंबर मिळेना. त्यांनी कुठूनसा कॉक शोधून स्वतःच बंद केला. आम्ही त्यांच्या मुलांच्या शाळेच्या वह्या आमच्या बाल्कनीत वाळत घातल्या. कॉम्प्लेक्सच्या मॅनेजमेंटनं नुकसानीसाठी एक फॉर्म पाठवला. भाडं मात्र एक तारखेला बरोब्बर मागितलं. पाणी उकळायचा हुकूम उठला तो २३ तारखेला.

आणि बिलं! त्या दिवसांत घाऊक बाजारात विजेचा दर मेगावॉट-तासाला नऊ हजार डॉलरच्या कमाल मर्यादेला नेऊन ठेवला होता. आपल्या हिशेबात युनिटला नऊ डॉलर, तेव्हाचे साडेसहाशे रुपये. बहुतेकांचे दर ठरलेले होते, ते वाचले. पण बाजारभावानं वीज घेणाऱ्यांना काही दिवसांची हजारो डॉलरची बिलं आली. लाइट गेले नाहीत म्हणून जे स्वतःला लकी समजत होते, तेच अडकले.

मार्चमध्ये घायपाती उकडल्यासारख्या काळ्या पडून लोळल्या. त्याच मार्चअखेर रस्त्याकडेला टेक्सासची ती निळी ब्लूबॉनेट्स मात्र दरवर्षीसारखीच फुलली. आजींनी आम्हाला ती बघायला नेलं, म्हणजे आम्हीच त्यांना नेलं. बॅटरीची पिशवी माझ्या खांद्यावर. त्यांनी विचारलं, झुम्बा बंद का केलात? खाली ठणठणीत शांतता असते, करमत नाही.

२०२२मध्ये मी पुण्याला परत आले. सामान विकलं, वाटलं. बादली आजींना दिली.

२०२३च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऑस्टिनमध्ये पुन्हा बर्फाचं वादळ झालं. या वेळी बर्फाच्या ओझ्यानं झाडं तारांवर कोसळली आणि शहराचा मोठा भाग अंधारात गेला. मी बाणेरच्या ऑफिसमध्ये स्टँडअप मीटिंगला उभी असताना बातमी वाचली आणि तशीच बाहेर पडून आजींना मेसेज केला. उत्तर येईना. एक तास गेला, दोन तास गेले. मेक्सिकन भाऊंना केला, तेही नाही. तिकडे मध्यरात्र उलटून गेली असेल, हे मला नंतर सुचलं.

रात्री जेवताना फोन वाजला. फोटो होता. बाथटबमध्ये काठोकाठ भरलेली केशरी बादली, तिच्यात मग आणि बाजूला दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या. मी तो आईला दाखवला. ती फोटो मोठा करून बघत म्हणाली, "झाकण नाही ठेवलं होय तिनं?"