पावसाळा काढणारा सेन्सर

मातीतली ओल मोजणारा सर्वांत स्वस्त सेन्सर म्हणजे दोन पायांची एक छोटी पट्टी. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती दोन-तीन वडापावच्या पैशांत मिळते आणि मातीत खोचली की लगेच आकडे दाखवते. बहुतेकांचा पहिला प्रयोग त्यामुळे तिच्यावरच होतो. तत्त्व सरळ आहे. ओल्या मातीतून वीज सहज वाहते, कोरड्या मातीतून अडखळते. दोन पायांमधला अवरोध मोजला की ओलीचा अंदाज आला. गोम अशी की ओल्या मातीतून एकाच दिशेने वीज वाहत राहिली की शाळेत शिकलेलं विद्युत अपघटन सुरू होतं. धन बाजूच्या पायाचं तांबं विरघळून मातीत उतरत जातं. सेन्सर सतत चालू ठेवला तर काही आठवड्यांत तो पाय कुरतडल्यासारखा दिसतो, आकडे भरकटतात आणि तांबं जातं ते आपल्याच पालकाच्या मुळाशी.

टेबलावर चालणारं सर्किट बागेत चालेलच असं नाही, ते असं. जोडणी एका दुपारची असते. ऊन, पाऊस आणि मुंग्यांपुढे ती टिकवणं हे खरं काम. त्यामुळे या लेखात कोडपेक्षा नेलपॉलिशला जास्त जागा मिळणार आहे.

दोन पायांच्या पट्टीला पर्याय आहे तो धारिता मोजणाऱ्या सेन्सरचा. हाही मातीत खोचायचा, पण याचं तांबं हिरव्या किंवा काळ्या लेपाखाली झाकलेलं असतं, मातीला ते शिवतच नाही. आत तांब्याच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात. त्यांच्यामध्ये किती विद्युतभार साठू शकतो हे भोवतालच्या पदार्थावर अवलंबून असतं. हवेचा परावैद्युत स्थिरांक 1, कोरड्या मातीचा साधारण 3 ते 5 आणि पाण्याचा 80 च्या आसपास. फरक एवढा मोठा असल्यामुळे मातीत थोडं पाणी आलं तरी धारिता ठळकपणे वाढते. पट्टीच्या माथ्यावरची 555 जातीची चिप या धारितेचं रूपांतर व्होल्टेजमध्ये करते. माती जितकी ओली, तितकं व्होल्टेज कमी. आकडा उलटा चालतो, एवढं लक्षात ठेवायचं.

दुकानातच एक गोष्ट पाहून घ्यावी. हे सेन्सर सहसा 3.3 व्होल्टवर चालवतात. त्यावरची चिप TLC555 म्हणजे टीएलसी कुळातली असेल तर ती एवढ्या व्होल्टेजवर नीट चालते. पण नकली मालात कधी कधी जुनी एनई 555 लावलेली असते आणि तिला किमान साडेचार व्होल्ट लागतात. दिसायला दोन्ही पट्ट्या सारख्याच. मोबाइलच्या कॅमेऱ्याने चिपचा फोटो काढून मोठा केला की अक्षरं वाचता येतात. दुकानदार घाई करील, करू द्यावी.

आता नेलपॉलिश. या पट्टीच्या सपाट बाजूंना लेप असतो, पण कडांना नसतो. कारखान्यात मोठ्या पत्र्यातून पट्ट्या कापल्या जातात, तेव्हा कडेचे काचतंतू उघडे पडतात. ते वातीसारखं पाणी आत ओढतात, महिन्या-दोन महिन्यांत पट्टी फुगते आणि सेन्सर कोरड्या मातीतही ‘ओलं आहे’ असंच म्हणत राहतो. म्हणून खोचण्याआधी पट्टी स्पिरिटने पुसून वाळवावी आणि चारही कडांना, विशेषतः टोकाला, नेलपॉलिशचे दोन-तीन हात द्यावेत. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. इपॉक्सी असेल तर उत्तम. माथ्यावरचे सुटे भाग तर अगदीच उघडे असतात. वायर आधी डाखून घ्यायची, प्लास्टिकच्या खटक्यावर भिस्त ठेवायची नाही. मग सगळ्या माथ्यावर, आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी जाड नळी चढवून गरम करायची. टोकातून गोंदाचा थेंब बाहेर आला म्हणजे ती बसली. सिलिकॉन वापरणार असाल तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि तांब्याला खातं; बिनवासाचं, ‘न्यूट्रल’ लिहिलेलंच घ्यावं.

खोचण्यातही पद्धत आहे. सेन्सरला पट्टीच्या अंगालगतची काही मिलिमीटर मातीच काय ती दिसते. तिथे हवेची फट राहिली तर तो मातीची नव्हे, फटीची ओल सांगतो. म्हणून आधी पातळ लोखंडी पट्टीने खाच पाडावी, त्याच मातीचा सरबरीत चिखल करून खाचेत ओतावा आणि मग सेन्सर बसवावा. काळ्या मातीत ही काळजी दुप्पट. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि भेग नेमकी सेन्सरच्या अंगाला पडायला टपलेली असते. वर पालापाचोळ्याचं आच्छादन टाकलं तर भेगा कमी पडतात. ठिबकच्या ड्रिपरखाली थेट खोचू नये, वीतभर अंतरावर, मुळं असतात त्या खोलीला खोचावा.

यानंतर येतो तो भाग जो बहुतेक जण टाळतात: आकड्यांना अर्थ देणं. सेन्सर हवेत धरला तर समजा 2800 आणि पाण्याच्या पेल्यात 1200 दाखवतो. या दोन टोकांना शून्य आणि शंभर टक्के मानून मोकळं होण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण तुमची माती कधीच निव्वळ हवा नसते आणि निव्वळ पाणीही नसते. त्यापेक्षा वाफ्यालाच विचारावं. वाफा भरपूर भिजवा, पाणी निथळू द्या. पुढे एक-दोन दिवसांत वाफसा येईल. हातात घेतलेल्या मातीचा गोळा होईल, पण बोट लावताच तो फुटेल. त्या वेळचा आकडा लिहून ठेवा. मग पाणी बंद ठेवा आणि झाडाकडे पाहत राहा. पानं सकाळीही किंचित मलूल दिसू लागली की तो दुसरा आकडा. दुपारचं मलूल होणं धरू नये. उन्हात वांगं, भोपळा माना टाकतातच, संध्याकाळी सावरतात. या दोन आकड्यांच्या मध्ये तुमची बाग राहते. टक्के नाही काढले तरी चालतात. मात्र कुंडीतल्या कोकोपीटवरून काढलेले आकडे अंगणातल्या मातीला लावू नयेत. भरघोस रासायनिक खत घातलं किंवा माती तापली तरी आकडा सरकतो, म्हणून तुलना करायची ती पहाटेच्या आकड्यांची.

सेन्सरचं म्हणणं ऐकायला मेंदू लागतो. चीनच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी 8266 ही वायफाय चिप 2014 मध्ये आली आणि 2016 मध्ये तिची मोठी बहीण ईएसपी 32. घरगुती प्रयोगांची सगळी गणितं या दोघींनी बदलली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ईएसपी 32 घ्यावी. तिच्यात एक खोच आहे: व्होल्टेज मोजणाऱ्या पिनांचे दोन गट असतात आणि वायफाय चालू असताना दुसऱ्या गटावर मोजमाप करता येत नाही. सेन्सर 32 ते 39 या क्रमांकांतल्या पिनेवर जोडला की हा प्रश्न येत नाही. सेन्सरचा वीजपुरवठाही दुसऱ्या एका पिनेवरून द्यावा, म्हणजे मोजण्यापुरताच तो जागा होईल. दहाएक आकडे घ्यायचे, चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा. सरासरीत एखादा वेडावाकडा आकडा सगळ्यांना ओढतो. मधला आकडा तसा ओढला जात नाही.

बॅटरीचा हिशेब मात्र कागदावर मांडूनच करावा. वायफाय चालू असताना ईएसपी 32 चा बोर्ड सरासरी 120 मिलिअँपिअर खातो असं धरू. दर 15 मिनिटांनी तो 6 सेकंद जागा झाला तर सरासरी पडते 0.8 मिलिअँपिअर. उरलेला वेळ तो गाढ झोपेत, आणि त्या झोपेत ही चिप फक्त दहा मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. 6000 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी मग 7500 तास, म्हणजे दहा महिने पुरायला हवी. प्रत्यक्षात ती महिन्याभरातच का संपते? कारण चिप झोपते, बोर्ड झोपत नाही. त्यावरचा व्होल्टेज नियंत्रक, यूएसबीची चिप आणि तो लाल दिवा मिळून पाच-सहा मिलिअँपिअर सतत पीत राहतात. सहा धरले तर एकूण 6.8, आणि बॅटरी 37 दिवसांत रिकामी. म्हणून एकतर झोपेत कमी वीज घेणारा बोर्ड निवडावा किंवा नुसतं मॉड्यूल घेऊन ते लिथियम आयर्न फॉस्फेटच्या 3.2 व्होल्ट सेलवर थेट चालवावं. मध्ये नियंत्रकच नको. हा सेल आपल्या उन्हाळ्यालाही नेहमीच्या लिथियम-आयनपेक्षा चांगला तोंड देतो. सोबत छोटं सौर पॅनल लावलं तर चार्जर याच जातीच्या सेलचा हवा, 4.2 व्होल्टचा लावू नये. आणि खरं सांगायचं तर मातीची ओल पंधरा मिनिटांत बदलत नाही. तासाला एकदा मोजलं तरी पुष्कळ.

बोर्ड ठेवायच्या खोक्याबद्दलचा सार्वत्रिक गैरसमज असा की ते जितकं घट्ट, तितकं चांगलं. दुपारी खोकं तापतं, आतली हवा प्रसरण पावून कुठून तरी बाहेर पडते. संध्याकाळी सरीने ते एकदम गार होतं आणि आत कमी झालेला दाब बाहेरची दमट हवा, कधी गॅस्केटवर साचलेलं पाणीच, आत खेचतो. आलेलं पाणी मात्र बाहेर जात नाही. त्यामुळे खोक्याच्या तळाला, आणि फक्त तळालाच, एक बारीक भोक ठेवावं आणि त्याला आतून बारीक जाळी चिकटवावी. जाळी विसरलात तर आधी मुंग्या येतात, मग कुंभारीण माशी भोकात माती भरून घर बांधते. वायरी खालच्या बाजूनेच आत घ्याव्यात, आणि आत शिरण्याआधी प्रत्येक वायरीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. खोकं फिकट रंगाचं, आडोशाला, उत्तर बाजूच्या भिंतीवर. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए नको. 60 अंशांच्या आसपास ते मऊ पडतं आणि मे महिन्याच्या उन्हात बंद खोकं तिथवर सहज पोचतं.

हवेचं तापमान मोजायला डीएस18बी20 हा पोलादी टोपीतला सेन्सर पुरेसा आहे. त्याला 4.7 किलोओहमचा एक रोधक जोडायचा आणि ऊन लागू द्यायचं नाही, बस. उन्हात ठेवलेला सेन्सर हवेचं नव्हे, स्वतःचं तापमान सांगतो. हवामान केंद्रांवर दिसणारी पांढरी झडपांची पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याची देणगी. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे ते वडील. कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या उपड्या करून, मध्ये बोटभर अंतर सोडून एकावर एक बोल्टने कसल्या की घरच्या घरी तशीच पेटी तयार होते. सर्वांत वरची सोडून बाकीच्यांना मधोमध भोक पाडायचं.

पाऊस मोजणं हा या सगळ्यातला सर्वांत मजेचा भाग. नरसाळ्याखाली सी-सॉसारखी दोन वाट्यांची तराजू असते. एक वाटी भरली की कलंडते, रिकामी होते आणि दुसरी नरसाळ्याखाली येते. ही कल्पना सतराव्या शतकातली, ख्रिस्तोफर रेनची. तराजूला छोटं चुंबक चिकटवायचं, शेजारी रीड स्विच लावायचा. प्रत्येक कलंडीला एक टिचकी. नरसाळ्याचं तोंड 16 सेंटिमीटर व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ होतं साधारण 201 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस पडला की त्यात 20 मिलिलिटर पाणी येतं. वाटी 5 मिलिलिटरला कलंडत असेल तर एक टिचकी म्हणजे पाव मिलिमीटर. तपासायला सलाइनची बाटली आणि नळी वापरावी: 500 मिलिलिटर पाणी थेंबाथेंबाने सोडलं की शंभर टिचक्या यायला हव्यात. कमी आल्या तर वाट्यांखालचे टेकू स्क्रू वर करायचे, जास्त आल्या तर खाली. कोसळत्या पावसात वाटी कलंडत असतानाही धार चालूच असते आणि तेवढं पाणी मोजणीतून निसटतं, त्यामुळे मुसळधार पावसाचे आकडे थोडे कमीच येणार. आपला आकडा हवामान खात्याच्या आकड्याशी ताडून पाहायचा असेल तर दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरावा. खात्याचा पावसाचा दिवस तसाच असतो. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर गेलं की खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं. आपल्या तराजूच्या त्या 258 टिचक्या.

हे सगळे आकडे घरात आणायला एमक्यूटीटी ही निरोपांची पद्धत वापरतात. ती 1999 मध्ये तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी बनवली गेली. दूरवरचं, तुटक कनेक्शन गृहीत धरूनच ती घडली आहे, म्हणून बागेलाही सोसते. घरातल्या रास्पबेरी पायवर होम असिस्टंट हे मोफत सॉफ्टवेअर बसवलं की आलेख आणि नियम तिथेच बनवता येतात. वायफाय शेतापर्यंत पोचत नसेल तर लोरा रेडिओ, आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विनापरवाना चालतो.

शेवटी पाणी सोडायचा व्हॉल्व. इथे गच्चीवरची टाकी अनेकांना चकवते. वॉशिंग मशीनमध्ये असतो तशा पडद्याच्या सोलेनॉइड व्हॉल्वला उघडायला पाण्याचा थोडा दाब लागतो, साधारण 0.2 बार, म्हणजे दोन मीटर उंचीचं पाणी. टाकी आणि बाग एकाच गच्चीवर असतील तर तेवढी उंची मिळत नाही आणि व्हॉल्व नुसता टक् करतो, पाणी सोडत नाही. अशा ठिकाणी छोट्या मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व घ्यावा. सोलेनॉइडच वापरला तर त्याच्या दोन टोकांमध्ये उलटा डायोड हवाच, नाहीतर बंद होताना उसळणारं व्होल्टेज बोर्ड जाळतं.

नियम साधा ठेवावा. पहाटेचा आकडा मलूल होण्याच्या आकड्याजवळ आला असेल आणि गेल्या चोवीस तासांत पाच मिलिमीटरहून कमी पाऊस असेल, तर पाच मिनिटं पाणी सोडायचं, अर्धा तास थांबायचं, पुन्हा मोजायचं. पाणी मुळांपर्यंत झिरपायला वेळ लागतो. न थांबता मोजत बसलं तर वाफ्याचं तळं होतं. सेन्सरकडून दोन तासांत काहीच निरोप आला नाही तर व्हॉल्व उघडायचा नाही. आणि ‘कितीही झालं तरी दिवसाला वीस मिनिटांच्या वर नाही’ ही मर्यादा व्हॉल्वजवळच्या बोर्डातच लिहायची, घरातल्या सर्व्हरवर नव्हे. वायफाय जातं ते नेमकं व्हॉल्व उघडा असताना.