वही कोणाच्या घरी?

संगणकाचे नाव काढताच पान उलटणाऱ्या वाचकांनी जरा थांबावे. मी सांगणार आहे ती गोष्ट तलाठ्याच्या दप्तराइतकीच ओळखीची आहे.

सातबाऱ्यावर जे बारीक आकडे असतात ना, ते फेरफाराचे क्रमांक. वडील वारले, वाटण्या झाल्या, तुकडा विकला, की त्या बदलाची नोंद फेरफाराच्या वहीत होते आणि तिचा आकडा सातबाऱ्यावर चढतो. संगणकाच्या प्रोग्रामलाही अशीच वही लागते. हजारो ओळींचा मजकूर आणि त्यावर दहा जणांचे हात! कोणी, केव्हा, कोणती ओळ, कशासाठी बदलली हे टिपले नाही तर सगळाच घोटाळा. ही टिपणी ठेवणाऱ्या व्यवस्थेला प्रोग्रामर मंडळी व्हर्जन कंट्रोल म्हणतात.

प्रश्न असा, की ही वही ठेवायची कोठे? २००० साली सुरू झालेल्या सबव्हर्जनसारख्या व्यवस्थेत ती एका मध्यवर्ती यंत्रात असते. मागचा इतिहास चाळायचा किंवा नवी नोंद करायची, तर दर वेळी इंटरनेटवरून त्याच दारी जायचे. पुण्या-मुंबईत त्याने फारसे अडत नाही. पण माझा भाचा राहतो आलापल्लीस, गडचिरोलीच्या ऐन सागवानी जंगलात. नागपूरच्या एका कंपनीचे काम तो घरी बसून करतो. पावसाळ्यात वीज गेली की पाठोपाठ मोबाइलची रेंजही जाते. एका नोंदीसाठी चहाचे आधण ठेवावे आणि चहा पिऊन झाला तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असावे. "पोरगा दिवसभर नुसता बघत बसतो, याला पगार कशाचा देतात?" असे माझी बहीण विचारी. शेवटी तो दिवसभराचे काम संध्याकाळी एकाच नोंदीत गुंडाळू लागला. मग दुसऱ्या दिवशी काही बिघडले, की नेमके कशाने बिघडले ते त्या गाठोड्यात सापडत नसे. नोकरी सोडून नागपुरात खोली घ्यायची, इथपर्यंत गोष्ट आली होती.

तेवढ्यात कंपनीने व्यवस्था बदलली आणि गिट घेतले. त्याचा जन्मही वेळेच्या हिशेबातूनच झालेला. लिनक्सच्या गाभ्याचे काम ज्या व्यवस्थेवर चाले, तिची फुकट वापराची सवलत संपली, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी गिट लिहावयास घेतले. एक दुरुस्ती चढवण्यास ३० सेकंद लागले आणि एका वेळी अशा २५० चढवायच्या असल्या, तर दोन तासांवर वेळ गेलाच की! त्यांनी मर्यादा घातली ३ सेकंदांची. आणि वही प्रत्येकाच्या घरी दिली. पहिल्या नोंदीपासूनचा सगळा इतिहास आपल्याच यंत्रात असतो. नोंद करणे, मागचे चाळणे, नवी शाखा काढणे यांसाठी रेंज लागतच नाही. काय बदलले ते शोधतानाही गिट प्रत्येक फाइल वाचत बसत नाही. आकार आणि वेळ तीच असली, की पुढे जाते.

गडचिरोलीकरांना यातले मर्म निराळे सांगायला नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातचा. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन केले. बांबू तोच, तोडणारे तेच. पुस्तक तेवढे गावात आले.

भाचा आता दिवसातून वीस-पंचवीस लहान नोंदी करतो. चूक निघाली तर गिट नोंदींचे निम्मे-निम्मे भाग करीत जाते. हजार नोंदींतली दोषी नोंद दहाएक तपासण्यांत हाती लागते. रात्री रेंज आली, की दिवसाचे सारे एकदम नागपूरला रवाना!

एक खोड मात्र आहे. प्रथम ही वही घरी आणायची ती आख्खी, आणि मध्येच लाइन तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. अलीकडचाच भाग मागवण्याची सोय आहे, पण आमच्या चिरंजीवांना अर्धवट वही रुचत नाही. म्हणून नवे काम मिळाले, की तो एस.टी.ने चंद्रपूरला आमच्याकडे येतो, रात्री सगळे उतरवून घेतो आणि सकाळच्या गाडीने परत. येताना बहीण चारोळी घातलेले लाडू पाठवते. त्यामुळे त्याला नवी कामे वरचेवर मिळावीत, असे आम्हां उभयतांना फार वाटते.