शकुंतला इथं थांबायची

लोणावळा, माळशेज करून झालं असेल, तर आज जरा लांबचं सांगते. विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणाऱ्या अडीच फुटी रुळांवर किनखेड, भडशिवणी, लाडखेड, लिंगा अशी खेड्यांची स्टेशनं लागतात. गाडी मात्र येत नाही.

ही ‘शकुंतला एक्सप्रेस’ची स्टेशनं. ‘एक्सप्रेस’ हे लाडानंच म्हणायचं हं! ११३ किलोमीटर कापायला बाई जवळजवळ सहा तास घ्यायच्या. दुसरा फाटा अचलपूरचा, ७६ किलोमीटरचा.

किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाईन टाकली, ती काही वऱ्हाडातल्या माणसांनी लग्नाकार्याला जावं म्हणून नाही. त्यांना कापूस हवा होता. गावोगावचा कापूस मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई आणि पुढे बोटीनं थेट मँचेस्टर. गंमत म्हणजे १९२३ पासून गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच. ते १९९४ पर्यंत, तब्बल ७१ वर्षं राबलं. मग डिझेल आलं.

पण कापसासाठी आलेली गाडी माणसांनी आपली करून टाकली. भाडं एसटीपेक्षा कितीतरी कमी. मजूर, बाजारहाटाला निघालेल्या बायका, सगळे हिच्यातच. छोट्या स्टेशनांवर तिकीट द्यायलाही वेगळा माणूस नसे, गार्डच तिकिटं फाडायचा.

मग बिनसलं कुठे? १९५१ मध्ये देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यातून ही लाईन सुटली. मालकी खासगी कंपनीकडे, गाडी चालवणार सरकारी रेल्वे आणि वर कंपनीला रॉयल्टी. भाड्याच्या घराला स्वतःच्या खिशातून रंग कोण काढतो सांगा? रूळ झिजत गेले, वेग ताशी वीसवर आला आणि २०१० च्या दशकात दोन्ही फाट्यांवरची गाडी थांबली. २०१६ मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली होती. गाडी काही आली नाही.

शकुंतलावर लिहिणारे आपण शहरवाले बहुतेक ‘ब्रिटिशांच्या मालकीची शेवटची रेल्वे’ एवढ्यावरच खूष असतो. फोटोही झक्कास येतात. मला मात्र ते स्वस्त तिकीट जास्त महत्त्वाचं वाटतं. लाडखेडच्या ज्या बाईला त्या तिकिटात मूर्तिजापूर गाठता यायचं, तिला आता एसटीचे पैसे जमवावे लागतात, नाहीतर घरीच बसावं लागतं.