नाणे जपायचे, तर पाऊच बदला

गंगाखेडसह सारा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या घरांत, देवघरात किंवा आजीच्या पेटीत, चारमिनारची छाप असलेला ‘हाली सिक्का’ आजही सापडतो. मीर उस्मान अली खान यांच्या सुरुवातीच्या काळातील चांदीच्या रुपयाचे वजन ११.१७८ ग्रॅम. त्यात चांदी सुमारे ८२ टक्के आणि बाकी मुख्यतः तांबे. हे तांबेच पुढच्या गोष्टीत महत्त्वाचे आहे.

नाणे जपायचे म्हणून अनेकजण ते मऊ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये ठेवतात. काही वर्षांनी त्यावर चिकट, हिरवट थर दिसतो. लोक त्याला गंज समजतात. पण बऱ्याचदा दोष पाऊचचा असतो. हे पाऊच बहुधा पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ व्हावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचे तेलकट रसायन मिसळतात. ते प्लॅस्टिकला घट्ट जोडलेले नसते, हळूहळू पाझरत राहते आणि नाण्यावर चिकट पापुद्रा तयार होतो. शिवाय उष्णता आणि उजेडाने पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते तांब्याला भिडले की हिरवे क्षार तयार होतात. मराठवाड्यातला उन्हाळा आणि पत्र्याखालची खोली या क्रियेला वेग देतात. एकदा आम्लाने पृष्ठभाग खाल्ला, की तो परत येत नाही.

हे पाझरणे आम्हा डॉक्टरांना परिचयाचे आहे. रक्तपेढीतील पिशवीही मऊ पीव्हीसीची असते. तिच्यातील डीईएचपी हे प्लॅस्टिसायझर रक्तात उतरते आणि गंमत म्हणजे तांबड्या पेशींचे आवरण टिकवायला मदत करते. मात्र नवजात बाळांच्या शरीरात ते जास्त जाऊ नये म्हणून जगभर पर्याय शोधले जात आहेत. एकच रसायन, पण कुठे उतरते त्यावर त्याचा गुण-दोष ठरतो.

मग नाणे ठेवायचे कशात? संग्राहकांच्या जगात १९८६-८७ पासून यावर एक उत्तर रूढ झाले. अमेरिकेतील पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था नाणे तपासतात, १ ते ७० अशी प्रत देतात आणि निष्क्रिय, कडक प्लॅस्टिकच्या डबीत ते बंद करतात. या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. हे १ ते ७० चे माप १९४९ मध्ये मांडले ते विल्यम शेल्डन यांनी. माणसांच्या शरीराचे तीन प्रकार पाडणारे मानसशास्त्रज्ञ-डॉक्टर ते हेच. त्यांचा शरीराचा सिद्धान्त मागे पडला, नाण्यांचे माप मात्र टिकले.

स्लॅब हाताचा घाम आणि ओरखडे अडवतो. पण तो पूर्णपणे हवाबंद नसतो. ओलाव्यापासून जपायलाच हवे. शिवाय बनावट स्लॅबही बाजारात येतात, म्हणून त्यावरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहावा. आणखी एक गोष्ट: शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि सरकारी परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही.

घरच्या नाण्याला स्लॅबच हवा असे नाही. मायलरचे पाकीट, पॉलिप्रॉपिलीनची पिशवी किंवा ॲक्रिलिकची गोल डबी पुरते. नव्या रेनकोटसारखा वास येणारे मऊ प्लॅस्टिक मात्र टाळा. ‘जाळून पाहू’ म्हणू नका; पीव्हीसीचा धूर फुप्फुसांना घातक असतो. रबरबँड आणि लोकरीचे कापडही दूर ठेवा. त्यांतील गंधकाने चांदी काळी पडते. नाणे कडेने धरा. डबीजवळ सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती बदला.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला काढलेली नाणी चिंच, राख, टूथपेस्टने घासायची आपली सवय असते. पूजेच्या नेहमीच्या नाण्यांना चालेल. पण जुन्या नाण्याला नाही. घासलेल्या नाण्याला तपासणीत आकडा मिळत नाही, ‘साफ केलेले’ असा शेरा मिळतो. पीव्हीसीचा चिकट थर शुद्ध ॲसिटोनने निघतो. पण ते झटकन पेट घेते. ते वापरायचे तर गॅस, दिवा यांपासून दूर, उघड्या हवेत. नेलपॉलिश रिमूव्हर त्याऐवजी वापरू नका.

शेवटी डॉक्टर म्हणून एक सांगणे. दोन आणे, चार आणे यांसारखी छोटी नाणी लहान मुले तोंडात घालतात. कडक डबी नाण्याला जपते, तशीच मुलालाही. मुलाने नाणे गिळले तर उलटी करवू नका, केळी खाऊ घालू नका. लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, श्वासाला त्रास होत असेल तर तातडीने रुग्णालयात न्या. त्रास दिसत नसला तरी एक्स-रे काढून घ्यावा. कारण ‘नाणे’ म्हणून गिळलेली वस्तू कधी बटणासारखा सेल निघते, आणि तो अन्ननलिकेला दोन तासांत भाजू शकतो.