माउलींची पालखी चढते तो दिवे घाट नेमका बनला कसा?

दरवर्षी आषाढी वारीत एक व्हिडिओ हमखास व्हायरल होतो. हिरवा डोंगर, त्यावरचा नागमोडी रस्ता आणि रस्ता भरून चाललेल्या भगव्या पताका. हा दिवे घाट. इथून पंढरपूर पायी जवळपास २०० किलोमीटर लांब आहे. तरीही पंढरपूरची वाट आणि चंद्रभागेचं पाणी, दोन्हींचा या डोंगराशी थेट संबंध आहे. तो कसा, तेच बघूया.

डोंगर आला कुठून?

दिवे घाट आहे भुलेश्वर रांगेत. ही रांग सिंहगडाकडून पूर्वेला जाते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर पडला, पसरला आणि थंड होऊन त्याचा काळा कातळ झाला. मग त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. असं होत होत दख्खनचं पठार तयार झालं. आजही ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे.

यातले काही थर टणक, तर काही सच्छिद्र आणि ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतो आणि उतार होतो, टणक थर कड्यासारखा उभा राहतो. म्हणून इथले डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात.

भूवैज्ञानिकांनी या थरांचे गट पाडून त्यांना इथलीच नावं दिली आहेत. 'इंद्रायणी' गटाच्या वर 'कार्ला', त्याच्या वर 'दिवेघाट' आणि त्याच्याही वर 'पुरंदरगड'. म्हणजे वारीतला हा घाट विज्ञानाच्या पुस्तकातही आहे.

पाणी दोन वाटांनी, पोचतं एकाच ठिकाणी

घाटमाथ्यावर पाऊस पडला की पाणी दोन बाजूंना वाटलं जातं. उत्तरेचं पाणी मुळा-मुठेला मिळतं आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेत जातं. पुढे ते उजनी धरणात येतं. दक्षिणेचं पाणी सासवडच्या कऱ्हा नदीत, तिथून नीरेत आणि शेवटी नरसिंगपूरला भीमेत. हा संगम उजनीच्या खाली, पण पंढरपूरच्या वर आहे. भीमेलाच पंढरपुरात चंद्रभागा म्हणतात. म्हणजे थेंब डोंगराच्या कुठल्याही अंगाला पडला, तरी त्याची वाट पंढरपूरकडेच जाते.

पालख्यांचंही तसंच

१६८५ मध्ये तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. तेव्हा ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत असायच्या. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला.

आज दोन्ही पालख्या पुण्यात मुक्काम करतात आणि हडपसरला वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवतमार्गे सपाटीने जाते आणि पुढे रांगेच्या उतरत्या टोकाला छोटा रोटी घाट ओलांडते. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते. तिथे धाकटे बंधू सोपानकाकांची समाधी आहे. पुढे जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस करत ती वाखरीला पोचते. पंढरपूरच्या वेशीवरच्या या गावात संतांच्या पालख्या पुन्हा एकत्र येतात.

हा टप्पा अवघड का?

पुणे ते सासवड हे अंतर ३० किलोमीटरच्या आसपास आहे आणि वडकी गाव सोडल्यावर सलग चढ लागतो. त्यात हा टप्पा बहुतेक वर्षी एकादशीला येतो, त्यामुळे अनेकांचा उपास असतो. माउलींच्या रथालाही इथे जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात.

आता त्यात आणखी एक गोष्ट वाढली आहे. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झालं. रस्ता रुंद झाला तर चालणाऱ्यांना जागा मिळेल, हे खरंच. पण रुंदीकरणासाठी घाटातला खडक फोडावा लागतो. टणक आणि ठिसूळ थर एकावर एक असले की ताज्या कापलेल्या कड्यात, दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपतं. खालचा मऊ थर सुटतो आणि वरचे दगड निसटतात. वारी येते तीही नेमकी पावसाळ्यातच.

तुम्ही जाणार असाल तर...

- वडकीतच पाणी भरून घ्या. घाटाच्या पायथ्याशी बाजीराव पेशव्यांच्या काळातला मस्तानी तलाव आहे, तोही बघता येईल.
- फोटोसाठी कापलेल्या कड्यावर चढू नका आणि त्याच्याखाली थांबू नका. तुमच्या पायाने निसटलेला एक दगड खालच्या दिंडीत पडू शकतो.
- उपास असेल तर चढताना मध्ये मध्ये थांबा. वारीच्या दिवशी रस्ता पूर्ण भरलेला असतो, त्यामुळे रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवा.