संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी

स्मरणिकेसाठी संगणकाविषयी काही सोपे लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी काही त्या शास्त्रातला पंडित नव्हे. परंतु मध्यंतरी घरातच एक गरज उत्पन्न झाली आणि कॉलेजात शिकणाऱ्या नातीच्या मदतीने मला एक लहानसा प्रोग्राम लिहावा लागला. त्याचीच हकीकत येथे देतो.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर आला, तो आपणां सर्वांच्या स्मरणात आहेच. पाणीगेटच्या आतल्या आमच्या घराला त्याची झळ लागली नाही. पण नदीकाठच्या वसाहतीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचा तळमजला पाण्याखाली गेला. कपाटाच्या खालच्या खणात आमच्या आईची रांगोळीची वही होती. चौकटीच्या कागदाची, शाईने भरलेली. चार दिवसांनी ती हाती आली तेव्हा पाने एकमेकांस चिकटली होती आणि शाई फुटून निळे डाग पडले होते.

नात म्हणाली, “आजोबा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा की!” फोटो काढलेच. पण फोटोत रांगोळीबरोबर डागही येतो, आणि डागाखाली ठिपका होता की नाही, हे फोटो सांगत नाही. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे मुळात हिशेब आहे. “पंधरा ते आठ” म्हटले की जाणत्या बाईला सारे कळते: मधल्या ओळीत पंधरा ठिपके, वर आणि खाली एकेक कमी करीत आठापर्यंत, आणि प्रत्येक ओळ वरच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये सरकवलेली. एकूण ओळी पंधरा व ठिपके १६९. हा हिशेब जपावयाचा तर तो ठिपका ठिपका मोजूनच उतरवला पाहिजे.

येथे संगणकाचा काळा पडदा आठवला. चित्रे, खिडक्या आणि माउस येण्यापूर्वी संगणकाशी व्यवहार चाले तो केवळ अक्षरांचा. त्या पडद्याला कन्सोल म्हणतात, व तो आजही प्रत्येक संगणकात दडलेला असतो. पूर्वी त्यावर बहुधा ८० उभे रकाने आणि २४ किंवा २५ आडव्या ओळी असत. ८० हा आकडा आयबीएम कंपनीने १९२८ मध्ये काढलेल्या भोकांच्या कार्डावरून आला, असे मानतात. भगिनींना सांगावयाचे तर हा पडदा म्हणजे मॅटीचे कापड: प्रत्येक घरात एक टाका, म्हणजे एक अक्षर. दोन घरांच्या मध्ये काही घालता येत नाही.

प्रोग्रामची कल्पना फार साधी आहे. पडद्याएवढा एक तक्ता संगणकाच्या स्मृतीत मांडावयाचा. आरंभी प्रत्येक घर मोकळे. आपण कोणत्या घरात उभे आहो, हे दोन आकड्यांनी लक्षात ठेवावयाचे: ओळ आणि रकाना. मग एकच चक्र अखंड फिरते. कळ दाबली जाण्याची वाट पाहावयाची. बाणाची कळ असेल तर एक घर सरकावयाचे, मात्र काठापाशी थांबावयाचे. दुसरी कोणती खूण असेल तर ती त्या घरात लिहावयाची. मग तक्ता पडद्यावर पुन्हा उमटवावयाचा, आणि पुन्हा वाट पाहावयाची. चित्र पडद्यावर नसते, तक्त्यात असते. पडदा हा त्याचा आरसा. ही गोष्ट मला दोन दिवस उमगत नव्हती.

संगणक एरवी एंटर दाबेपर्यंत ओळ आपल्याकडे सोपवीत नाही, आणि आम्हांस तर प्रत्येक कळ तत्काळ हवी होती. पडद्यावर अमुक ओळीत, अमुक रकान्यात जा, असे सांगण्याचीही एक गुप्त भाषा आहे: प्रथम एस्केप नावाचे न दिसणारे अक्षर (क्रमांक २७), मग चौकटी कंस, मग ओळ व रकाना. १९७८ सालच्या व्हीटी-१०० या यंत्राने ती सर्वत्र रूढ केली. पण ही कटकट स्वतः करावी लागत नाही. कर्सेस नावाचा तयार संच ती उचलतो, आणि पायथन भाषेत तो वापरता येतो. आमच्या घरच्या लिनक्स संगणकावर तो होताच. विंडोजवरच्या पायथनबरोबर तो येत नाही, हे करून पाहू इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

खरी मेहनत झाली ती मापाची. पडद्यावरचे घर चौरस नसते. रुंदीच्या सुमारे दुप्पट उंच असते. ठिपके लागोपाठच्या घरांत मांडले तर रांगोळी ताणल्यासारखी दिसे. शेवटी दोन ठिपक्यांमध्ये चार रकान्यांचे अंतर, ओळीओळीत दोन ओळींचे, आणि प्रत्येक ओळ दोन रकाने सरकवलेली, असे ठरले. त्यात एक गंमत साधली: तिरप्या दोन ठिपक्यांच्या मध्ये नेमके एकच घर उरते, आणि त्यात एक तिरकी रेघ बरोबर बसते. “तीन ते दोन”चा हा नमुना पाहा:

  .---.
 / \ / \
.---.---.
 \ / \ /
  .---.

या मापाने पंधरा ते आठला ५७ रकाने आणि २९ ओळी लागतात. २४ ओळींच्या जुन्या पडद्यावर ती मावली नसती. आम्ही खिडकी मोठी केली. एक उणेपण मात्र कबूल केले पाहिजे. हे काम सरळ रेघांचे. कमळाच्या गोल पाकळ्या गोल कंसांनी कशाबशा काढल्या, पण आईच्या हाताची गोलाई त्यांत नाही.

आता फजितीची गोष्ट. आरंभी आम्ही तक्ता खिडकीएवढाच ठेवला होता. नातीने दोन तास खपून एक नमुना उतरवला आणि भोवती चौकट घेतली. चौकटीचे शेवटचे चिन्ह अगदी खालच्या उजव्या कोपऱ्यात पडले मात्र, प्रोग्राम बंद! त्या कोपऱ्यात लिहिले की पुढचे घर उरत नाही, आणि कर्सेस ती चूक समजून हात वर करतो. तक्ता स्मृतीत होता, चकतीवर नव्हता, सारे गेले. पोर रडकुंडीला आली. खरे तर दोष माझा. जपून ठेवण्याची तजवीज “नंतर लिहू” म्हणून मीच मागे टाकली होती. दुसऱ्या दिवशी प्रथम तीच लिहिली: दर वीस कळांनी तक्ता साध्या मजकुराच्या फायलीत आपोआप उतरतो. शेवटचे घरही मोकळे सोडले.

अशी एक फाईल भरते १,६८२ अक्षरांची. मोबाइलच्या एका फोटोला याच्या शेकडो पट जागा लागते. शिवाय ती कोणत्याही संगणकावर, कोणत्याही साध्या लेखनाच्या प्रोग्रामात उघडते. नमुन्याचे नाव मात्र चित्राच्या खाली वेगळ्या ओळीत द्यावे लागते. कारण देवनागरीत काना-मात्रा व जोडाक्षरे एका घरास एक अक्षर हा नियम पाळीत नाहीत आणि शेजारच्या रेघा सरकतात.

दिवाळीपर्यंत एकवीस नमुने उतरले. वसुबारसेच्या संध्याकाळी बहीण आली. कागदावर छापलेला पंधरा ते आठचा नमुना तिने हातात घेतला, बोटाने मोजीत गेली आणि बाराच्या ओळीवर थांबली. म्हणाली, “दादा, आईची ही रेघ डावीकडे वळायची. तू उजवीकडे घेतली आहेस.” वहीच्या त्या जागी डाग होता, तिथे मी अंदाज केला होता. नातीने फाईल उघडली, चार बाण दाबून त्या घरापाशी गेली आणि रेघ फिरवली.

वहीची सहा पाने अजून उलगडलेली नाहीत.